विकसनशील देशात स्मार्ट वाहतूक व्यवस्था आणायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की परदेशातल्यासारखी 'इंटेलिजंट ट्रान्सपोर्टेशन सिस्टीम' आपल्याकडे नीट चालत नाही ती पैशामुळे की तंत्रज्ञानामुळे, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सुरुवात कुठून दाखवावी. मी ठाण्याचा. सिग्नल बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या ठेकेदाराकडे अकरा वर्षं काम केलं, त्यामुळे हे उत्तर शिडीवरून दिसलेलं आहे.

पैसा मिळतो हो. २०१५ मध्ये स्मार्ट सिटी मिशन आलं, पुढच्या वर्षी ठाण्याचाही त्यात नंबर लागला. कॅमेरे, कंट्रोल रूम, पडद्यांची भिंत हे सगळं देशातल्या कितीतरी शहरांत उभं राहिलं. तंत्रज्ञानही मिळतं. आपल्या मिश्र वाहतुकीसाठी सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने 'कोसीकॉस्ट' नावाची सिग्नल पद्धत घरच्या घरी बनवली आहे. खरं अडतं ते फीत कापून झाल्यावर.

एक चौक सांगतो, नाव नको. घोडबंदर रोडच्या बाजूचा. तिथे आम्ही लूप टाकले होते. लूप म्हणजे डांबरात खाच मारून बसवलेलं तारेचं वेटोळं. वरून लोखंड गेलं की त्याच्या चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो आणि पेटीतला कंट्रोलर गाडी मोजतो. जिकडे गाड्या जास्त तिकडे हिरवा जास्त वेळ. सिडनीत हे झकास चालतं, कारण तिथे एका लेनमध्ये एका वेळी एकच गाडी असते. आमच्या लूपवर एकाच वेळी रिक्षाचं पुढचं चाक, दोन स्कूटर आणि टीएमटीच्या (ठाणे पालिकेच्या) बसचा एक कोपरा यायचा. कंट्रोलर म्हणायचा, एक! तरी आम्ही लूपचा आकार बदलून, सेटिंग खालीवर करून त्याला बऱ्यापैकी ताळ्यावर आणलं होतं.

मग पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी पाइपसाठी रस्ता खोदला आणि तार तुटली. चर बुजवला, डांबर ओतलं, त्यांचं काम संपलं. आता लूप कोणी जोडायचा? रस्ता एकाचा, पाइप दुसऱ्याचा, सिग्नल तिसऱ्याचा, आणि आमच्या ठेक्यात दुसऱ्याने केलेलं नुकसान बसत नव्हतं. बरं, लूप तुटला म्हणून सिग्नल बंद पडत नाही. तो ठरलेल्या सेकंदांवर जातो आणि रात्री तीन वाजता रिकाम्या रस्त्यालाही इमानदारीत ९० सेकंद हिरवा देतो. कंट्रोल रूमच्या नकाशावर तो चौक हिरव्या ठिपक्याने 'चालू' दिसत होता. सात महिने.

त्या चौकात एक हवालदार असायचे. पेटीची किल्ली त्यांच्याकडे. सकाळी साडेआठला आले की पेटी उघडायची, सिग्नल मॅन्युअलवर घ्यायचा आणि बटण दाबून गाड्या सोडायच्या. लूप धड होते तेव्हाही हेच. मला राग यायचा. एकदा न राहवून विचारलं, "साहेब, ऑटोवर का नाही ठेवत?" ते म्हणाले, "अरे बाबा, गायमुखला कंटेनर आडवा झालाय, ते तुझ्या मशीनला कुठे माहितीये? मी इथून सोडत राहिलो तर पुढे सगळं चोंदेल." त्यांना पुढच्या नाक्यावरून फोन आलेला होता. आमचा चौक आपल्यापुरता हुशार, शेजारच्या चौकात काय चाललंय याचा त्याला पत्ता नाही. पुढे कुठल्याही नव्या जागी गेलो की मी आधी किल्लीवाल्याला गाठायचो, मग पेटीला.

लूप नकोत, कॅमेरे लावा, असं आता सगळे म्हणतात. रस्ता खोदला तरी कॅमेऱ्याचं काही बिघडत नाही, हे खरं. पण रात्री त्याच्या दिव्याकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं विणतो. पहाटे जाळ्यावर दव बसलं की चित्र पांढरंफटक. माझ्या शिडीला कायम एक केरसुणी बांधलेली असायची. त्यात मेट्रोच्या कामाची धूळ, आणि कोणा भाऊंचा वाढदिवस असला की नेमका कॅमेऱ्यासमोर शुभेच्छांचा फलक. नंबरप्लेटांचं तर विचारूच नका. ४१४१ असा रंगवायचा की वाचणाऱ्याला 'दादा' दिसावं. माणसाला दादा दिसतो, मशीनला काहीच दिसत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एकसारखी हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली. माझ्या मते कॅमेरा आणखी महाग घेण्यापेक्षा त्या पत्र्याने जास्त काम केलं.

आपल्याकडे धड चाललेलं उदाहरण हवं तर फास्टॅग घ्या. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीचा, नसेल तर रोखीत दुप्पट टोल. काचेवरच्या टॅगमध्ये बॅटरीसुद्धा नाही, टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवरच तो उत्तर देतो. बँकांमधला हिशोब एनपीसीआय या देशपातळीवरच्या पेमेंट संस्थेच्या एकाच व्यवस्थेतून होतो. तिथलं यंत्र बंद पडलं की कोणाचा तरी गल्ला थांबतो, म्हणून माणूस धावत येतो. आमचा लूप तुटल्याने कोणाचा रुपयाही अडला नव्हता. तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथे आहे.

म्हणून सुरुवात बसपासून करा. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या बसमध्ये लोकेशन सांगणारं यंत्र आणि पॅनिक बटण लावणं 'एआयएस १४०' मानकानुसार बंधनकारक आहे, म्हणजे महागडी वस्तू आधीच गाडीत आहे. अडचण वेगळीच निघते. माझ्या बायकोच्या थांब्यावरचा बोर्ड अर्धा अर्धा तास '५ मिनिटे' दाखवायचा. यंत्र ठीक होतं. सकाळी डेपोत एक गाडी नादुरुस्त झाली की तिच्या जागी दुसरी जायची आणि ती अदलाबदल सिस्टीममध्ये कोणी भरायचंच नाही. बस कुठे आहे हे यंत्राला ठाऊक, पण आज ती कोणत्या मार्गावर आहे हे फक्त ड्युटी लावणाऱ्याच्या वहीत. वहीवाल्याला एक टॅब आणि दोन दिवसांचं शिकवणं, एवढाच खर्च. आणि बोर्ड खोटं बोलला तर थांब्यावरची पन्नास माणसं लगेच ओरडतात, हा फायदा वेगळा.

त्यानंतर एकच रस्ता धरून सिग्नल एकमेकांना जोडा. नवी मुंबईत हे सोपं जाईल. शहर वसवणाऱ्या सिडकोने आखतानाच रस्ते रुंद ठेवले, पाम बीच रस्त्यावर चौकही लांब लांब आहेत. ठाण्यातल्या तीन हात नाक्याला नावात तीन हात, प्रत्यक्षात रस्ते त्याहून जास्त, तिथे दमाने. ठाण्याच्याच बाजारातल्या जांभळी नाक्याच्या हातगाड्यांना तर मी कुठल्याच अल्गोरिदममध्ये बसवू शकलो नाही.

दंडाचे कॅमेरे सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी तेच आधी लागतात, कारण ते आपला खर्च आपणच काढतात, आणि मग लोकांच्या लेखी अख्खी व्यवस्थाच वसुली ठरते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या १६७ अ या नियमात यंत्राला दरवर्षी प्रमाणपत्र, आधी सूचनाफलक आणि १५ दिवसांत नोटीस अशा अटी आहेत. प्रोजेक्टमध्ये त्या नक्की टाका.

आणि टेंडरचा नमुना जोडणार असाल तर पैसे यंत्र बसवल्यावर एकरकमी देऊ नका. महिन्यातले किती तास ते खरोखर मोजत होतं त्यावर द्या, आणि रस्ता कोणीही खोदला तरी तार अमक्यानेच अमुक तासांत जोडायची, हे नाव घालून लिहा.

तो चौक? आठव्या महिन्यात लूप नव्याने टाकले. तिसऱ्या आठवड्यात केबलवाले आले.