पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेलेल्या आणि परत न आलेल्या पूर्वजाचा शोध कसा घ्यावा?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: पणजोबांचे थोरले भाऊ 1915 च्या आसपास खेड तालुक्यातून पलटणीत भरती झाले, घरात त्यांचं एक चांदीचं पदक आहे, आणि ‘बसऱ्याला (म्हणजे आजच्या इराकमधल्या बंदराला) गेले ते गेलेच’ यापलीकडे कुणाला काही ठाऊक नाही. माझ्या आजोबांच्या काकांचं जवळजवळ असंच होतं, म्हणून लिहितो.

आधी एक सांगतो, नाव घेऊन शोधायला बसू नका. नंबर आणि पलटण शोधा. साहेबाच्या कारकुनाने आपल्या माणसांच्या नावांचं काय करून ठेवलंय ते पुढे येईलच.

पदकाच्या एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडाबंब स्वार, खाली 1914 आणि 1918, असं असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल. त्याची कड भिंगातून बघा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दिवाळी आली म्हणून रांगोळीने घासून लख्ख करू नका, दर घासणीला अक्षरं झिजतात. पदक चांदीचं म्हणजे माणूस बहुधा लढणारा शिपाई. खेचरवाले, बिगारी वगैरे मंडळींना तेच पदक काशाचं मिळायचं. आणि पदक घरात आहे म्हणजे माणूस परत आला होता, असं धरू नका. मेलेल्यांची पदकं वारसांना पाठवत. सोबत वीतभरापेक्षा लहान, काशाची गोल तबकडी असेल, तिच्यावर सिंह, ब्रिटानिया आणि नुसतं नाव असेल, तर मृत्यूचा प्रश्न तिथेच मिटला. ती फक्त मृतांच्या घरी जायची. माझ्या ओळखीतल्या एका घरात ती माळ्यावर मोडीच्या भांड्यांत पडली होती.

आता पलटण. मराठ्यांच्या 103, 110 आणि 117 या तिन्ही पलटणी ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या. डिव्हिजन बगदादच्या दिशेने गेली, मागे हटली आणि 7 डिसेंबर 1915 पासून कुट-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. 29 एप्रिल 1916 ला अन्न संपून शरणागती झाली. सुमारे 13 हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, त्यांत हिंदी शिपाईच जास्त. त्यांना बगदाद, मोसुल असं वाळवंटातून चालवत नेलं आणि पुष्कळांना रास-अल-ऐनजवळ रेल्वेच्या कामाला जुंपलं. पदकाच्या कडेवर या तिन्हींपैकी आकडा निघाला तर पहिला संशय कुटाचा घ्या. 105, 114 आणि 116 याही तिकडे लढल्या, पण वेढ्यात नव्हत्या. ‘111 महार’ असेल तर ती पलटण 1917 ला उभी राहिली आणि काही वर्षांत मोडली, त्यामुळे 1915 ची भरती असेल तर आधी दुसऱ्या पलटणीत असणार. घरातल्या एखाद्या पेन्शनच्या कागदावर ‘थर्ड फिफ्थ मराठा’ दिसलं तर गोंधळू नका. 1922 च्या फेररचनेत 103 ची पहिली-पाचवी (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण), 105 ची दुसरी-पाचवी आणि 110 ची तिसरी-पाचवी झाली.

यानंतर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेची वेबसाइट. फुकट आहे. सेवा क्रमांकाच्या रकान्यात पदकाच्या कडेवरचा नंबर टाका आणि भारतीय सैन्य निवडा. एकच नंबर अनेक पलटणींत असतो, त्यातून आपली पलटण वेचायची. नंबर झिजला असेल तर ‘जादा माहिती’च्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाकून बघा. हिंदी शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. मात्र जिल्हे तेव्हाचे. सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीतच होता, रायगडचं नाव कुलाबा होतं, आणि सावंतवाडी, भोर, फलटण ही संस्थानं. पवारांचे पोवार होतात, सावंत कधी ‘व्ही’ने तर कधी ‘डब्ल्यू’ने, आणि कधी आडनाव सोडून नुसत्या ‘रामा’ किंवा ‘भिकू’खाली नोंद. ‘रामा कदम’ तर ढिगाने सापडतील, म्हणून नंबर नंबर करतोय.

तिथे ‘बसरा मेमोरियल’ लिहून आलं तर त्याचा अर्थ माणूस बसऱ्यात मेला असा नाही. कबर माहीत नसलेल्या, मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मेलेल्या 40 हजारांहून जास्त जणांचं ते स्मारक आहे. त्याच्या भिंतीवर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, आणि साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. नावं कमिशनच्या वहीत राहिली. या दुजाभावाची कबुली खुद्द कमिशनने 2021 च्या अहवालात दिली. शंभर वर्षांनी का होईना, पण त्या वहीमुळेच आपल्याला आज शोध घेता येतो.

आजोबांच्या काकांची नोंद अशीच सापडली. नंबर जुळला, बापाचं नाव जुळलं, गावाचं नाव अर्धंमुर्धं जुळलं. तारीख शरणागतीनंतरची, म्हणजे मृत्यू कैदेतला. घरात दोन कथा होत्या: एक, ते लढाईत पडले, दुसरी, ते तिकडेच बायको करून राहिले. दोन्ही गेल्या. दुसरी कथा गेल्याचं आमच्या एका आत्याला अजून पटलेलं नाही. कैदेतल्यांच्या तारखा पुष्कळदा मागाहून, सोबत्यांच्या सांगण्यावरून लावलेल्या असतात, तेव्हा तारखेवर फार इमले बांधू नका.

पलटणीच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वाचण्यासारख्या आहेत, पण त्यांत साहेबांची नावं येतात आणि आपली माणसं ‘तीन शिपाई जखमी’ अशी. अमुक दिवशी पलटण कुठे होती एवढंच त्यातून घ्या.

खरं म्हणजे सैन्याच्या कागदाने मला तारीख दिली, बाकीचं गावच्या दप्तराने दिलं. तहसीलच्या अभिलेख कक्षात तुमच्या जमिनीचे 1916 ते 1935 या काळातले फेरफार मागा. परत न आलेल्या माणसाचा हिस्सा कधीतरी कुणाच्या तरी नावावर चढलाच असणार. फेरफारात कारण लिहिलेलं असतं, वारस लिहिलेले असतात, आणि आमच्याकडे तर त्यातच पहिल्यांदा कळलं की काकांना बायको होती. घरात तिचं नावही कुणी घेत नसे. मृत्यूची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्येही बघा, जरी परदेशातला मृत्यू तिथे चढला असण्याची आशा कमी. कागद मोडी लिपीतला निघाला तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, वाचणारं कुणीतरी भेटतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही सोडू नका. क्रियाकर्म तिथे झालं असेल तर कुणी, कोणासाठी केलं ते सापडू शकतं.

बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला पत्र जरूर लिहा, पण शीट रोल (शिपायाच्या सेवेची नोंद) मिळेल या आशेवर थांबू नका. पेन्शन नसलेल्या शिपायाची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करायचा सैन्याचा नियम आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलीकडच्या माणसांसाठी उपयोगी, 1916 साठी नाही.

पदकाच्या कडेचा फोटो तिरप्या उजेडात काढा, अक्षरं उठून दिसतात. नंबर आणि पलटण इथे प्रतिसादात लिहा, गावाचं जुनं नाव वेगळं असेल तर तेही लिहा. नोंद मी शोधून बघतो.