पसंतीक्रम मुलीने लिहावा, कागद तुम्ही सांभाळावेत

(घाटंजी तालुक्यातील एका शेतकरी पालकांचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे : "ताई, नमस्कार. सात एकर कोरडवाहू वावर आहे. कापूस, सोयाबीन, तूर घेतो. मुलीला बारावी सायन्सला ७१ टक्के मिळाले, सीईटीत ८८ पर्सेंटाइल आहे. आम्ही ओबीसीत मोडतो. व्हॅलिडिटीसाठी (जात वैधता प्रमाणपत्रासाठी) डिसेंबरात अर्ज केला, अजून आली नाही. मुलीला कॉम्प्युटर घ्यायचे आहे आणि ते पुण्यालाच, असे ती एकदा म्हणाली. त्यानंतर विचारले तर काही बोलत नाही. मला यवतमाळ नाहीतर अमरावती बरी वाटते. तिची आई म्हणते, मुलीची जात, तिकडे एकटी कशी राहील. मागच्या आठवड्यात एका खाजगी विद्यापीठाचे ऑफर लेटर आले; तीन दिवसांत २५,००० रुपये भरा, सीट पक्की होईल, असा रोज फोन येतो. नेट कॅफेवाला म्हणतो, कॅप राऊंडचा फॉर्म मी भरून देतो, तुम्ही चिंता करू नका. मी काय करावे?")

भाऊ, सप्रेम नमस्कार.

पेरणीच्या धामधुमीत तुम्ही चार पाने लिहून काढली, यावरूनच मुलीच्या शिक्षणाची तुम्हाला किती तळमळ आहे ते कळते. तुम्ही विचारलेल्या प्रश्नांपैकी पैशाचा प्रश्न तातडीचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करते.

ते २५,००० रुपये भरू नका. तुम्हाला आलेले पत्र खोटे आहे, असे मी म्हणत नाही. खाजगी विद्यापीठांना स्वतःची प्रवेशप्रक्रिया राबवण्याचा अधिकार असतो आणि त्यांपैकी काही ठिकाणी शिक्षणही चांगले मिळते. परंतु तुमच्या मुलीसाठी त्या पत्राची किंमत तुम्हाला सांगितली गेली आहे त्यापेक्षा फार मोठी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची १०० टक्के सवलत मिळते. ही सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला आपण कॅप राऊंड म्हणतो त्यातून घेतलेल्या प्रवेशाला आहे. खाजगी अभिमत विद्यापीठे, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश या सवलतीतून वगळलेले आहेत. म्हणजे आज २५,००० भरून जी सीट "पक्की" होईल, त्या सीटवर चार वर्षांचे संपूर्ण शिक्षण शुल्क तुम्हाला खिशातून द्यावे लागेल, आणि कॅपमधून खाजगी महाविद्यालय मिळाले तरी तेच शुल्क शासन भरणार आहे. फोन करणाऱ्या माणसाने ही गोष्ट तुम्हाला सांगितली नसेल, कारण सांगितली तर त्याचे काम होणार नाही. तुमचे पत्र माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत ती तीन दिवसांची मुदत उलटून गेली आहे. तरीही फोन येत असतील तर त्या मुदतीचा अर्थ तुमच्या लक्षात येईल. "आम्ही कॅपची वाट पाहणार आहोत" एवढेच सांगावे. आणि मूळ टीसी व गुणपत्रिका कोणाच्याही हाती केवळ "सीट धरून ठेवण्यासाठी" देऊ नये. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे अडकवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच मनाई केली आहे. मात्र एकदा दिलेले कागद परत मिळवण्यासाठी पालकांना किती खेटे घालावे लागतात, ते मी अनेकदा जवळून पाहिले आहे.

आता व्हॅलिडिटी. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती याच एका वाक्याची, आणि तुम्ही ते ओझरते लिहून पुढे गेला आहात. डिसेंबरात केलेला अर्ज अजून निकाली निघत नाही, तेव्हा पुष्कळदा समितीने काहीतरी त्रुटी काढलेली असते आणि ती अर्जदाराला कळलेली नसते. अर्ज नेट कॅफेतून भरलेला असेल, तर त्यात मोबाइल क्रमांक आणि ईमेल कोणाचा दिला आहे ते आधी तपासा. माझ्याकडे आलेल्या एका पालकांच्या अर्जात दोन्ही कॅफेवाल्याचे होते. त्रुटीपूर्ततेचा संदेश दोन महिने त्याच्या फोनमध्ये पडून होता आणि इकडे हे गृहस्थ "अजून काही आले नाही" असे म्हणत बसले होते. म्हणून फोनवर विसंबून न राहता पावती घेऊन यवतमाळला जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीच्या कार्यालयात स्वतः जा आणि अर्जाची स्थिती लेखी विचारा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरचा उतारा नसेल, तर तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची नक्कल काढता येते. आपल्याकडे जन्ममृत्यूच्या त्या नोंदींत जात लिहिलेली असते आणि अनेक घरांचे काम त्या एका कागदाने झाले आहे. तुमच्या सख्ख्या भावाच्या मुलांपैकी कोणाला व्हॅलिडिटी मिळालेली असेल, तर तिची प्रत आणि वंशावळ जोडा, प्रकरण पुष्कळ सोपे होते.

समितीकडे केलेल्या अर्जाची पावती जोडून कॅपमध्ये नोंदणी करता येते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही; परंतु दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र सादर झाले नाही तर आरक्षणाचा दावा जातो. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र पुढील ३१ मार्चपर्यंत वैध असलेले हवे, जुने चालत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा हवा. मुलीचे बँक खाते आधारशी जोडलेले हवे, कारण महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरील योजनांचे पैसे त्याच खात्यात जमा होतात. हे सगळे काम तुमचे आहे, भाऊ, मुलीचे नाही. तिला तहसीलच्या रांगेत उभे करून वर "तुझे तू बघ" म्हणणे योग्य नाही, तसेच तुम्ही तिच्या वतीने शाखा आणि कॉलेज ठरवणेही योग्य नाही.

पसंतीक्रमाचा फॉर्म कॅफेवाल्याने भरू नये, तुम्हीही भरू नये. तो मुलीने भरावा आणि तुम्ही शेजारी बसावे. यामागचे कारण नियमातच आहे. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती सीट आपोआप गोठत होती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही पसंती मिळाली तर तोच नियम लागू होता. अशी गोठलेली सीट नाकारली की पुढच्या फेरीचे दार बंद. त्या वर्षी एक मुलगा वडिलांसोबत माझ्याकडे आला होता. फॉर्म भरताना कॅफेवाल्याने "जवळचे आधी टाकू" म्हणून घरापासून सर्वांत जवळचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकले होते आणि पहिल्याच फेरीत ते मिळाले. कॉलेज वाईट नव्हते. पण त्याला अमरावतीला जायचे होते आणि त्याचे गुण तिथे पुरले असते. वडिलांनी बियाण्याच्या पाकिटाच्या मागे लिहून ठेवलेला लॉगिनचा पासवर्ड मला दाखवला. कागद हळदीने पिवळा झाला होता, अक्षर कॅफेवाल्याचे होते, आणि मुलाने तो पासवर्ड वापरून आपला फॉर्म एकदाही उघडून पाहिलेला नव्हता. या वर्षीची माहितीपुस्तिका सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर आली की हा नियम तसाच आहे की बदलला, ते मुलीने स्वतः वाचून तुम्हाला समजावून सांगावे.

पसंतीक्रम कसा लावायचा, याविषयी गावात एक गैरसमज पक्का बसलेला आहे : वर मोठी कॉलेजे टाकली तर खालचे हातातले जाते. तसे होत नाही. संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार प्रत्येक विद्यार्थ्याची यादी वरून खाली तपासतो आणि जी पहिली पसंती त्याला मिळू शकते ती देतो. वरची नऊ मिळाली नाहीत म्हणून दहाव्या पसंतीवरचा हक्क कमी होत नाही. म्हणून यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने लावावी आणि जिथे मुळीच जायचे नाही ते कॉलेज केवळ भीतीपोटी वर टाकू नये. पहिल्या क्रमांकावर तेच असावे, जे मिळाल्यावर घरात कोणाच्याही मनात "पण" उरणार नाही.

यादी करताना गेल्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवावेत, आणि ते केवळ पहिल्या फेरीचे पाहू नयेत, शेवटच्या फेरीपर्यंतचे पाहावेत. त्या तक्त्यात एल-ओबीसी-एच असा रकाना दिसेल. एल म्हणजे मुलींसाठीच्या ३० टक्के राखीव जागा, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. मुलगी यवतमाळ जिल्ह्यातून बारावी झाली असल्याने तिचे होम युनिव्हर्सिटी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ ठरते, ज्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे येतात. ज्या महाविद्यालयांना ही विभागणी लागू आहे तिथे ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी असतात. याचा अर्थ असा की अमरावती किंवा शेगावला तिला जी मोकळीक आहे ती पुण्यात नाही. पुण्यातील कॉम्प्युटरच्या जागांसाठी ८८ पर्सेंटाइलवर तिला पुष्कळ खाली यावे लागेल. हे तुम्ही तिला सांगितले तर "बाबांना पाठवायचेच नाही" असे तिला वाटेल. तक्ता तिच्या हातात द्या, बोट ठेवून तिला वाचू द्या. हाच निष्कर्ष ती स्वतः काढेल, किंवा तुम्हाला आणि मला न दिसलेले पुण्यातले एखादे कॉलेज शोधून काढेल.

ती बोलत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला समोर बसवून "सांग, काय करायचे तुला" असे विचारले, आणि शेजारी आई पदराने डोळे पुसत असली, तर ती काय बोलणार? तिने पुण्याचे नाव एकदा घेतले आणि घरात काय झाले ते पाहिले. त्यानंतर ती गप्प झाली आहे. माझी विनंती आहे की निर्णयाची बोलणी थोडी बाजूला ठेवून तिला घेऊन प्रत्यक्ष कॉलेज पाहायला जा. एक दिवस यवतमाळचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, दुसऱ्या दिवशी अमरावतीचे, जे १९६४ पासून सुरू आहे. एसटीत तिला अर्धे तिकीट आहे, खर्च फार नाही. मुलींच्या वसतिगृहाच्या दारात उभे राहून तिथल्या मुलींशी तिला एकटीने बोलू द्या, तुम्ही बाहेर चहा घ्या. परतीच्या प्रवासात खिडकीबाहेर बघत बघत मुली जे बोलतात ते घरात बोलत नाहीत. वर्षानुवर्षे पालकांनीच मला हे सांगितले आहे. शक्य असेल तर या फेरीला तिच्या आईला सोबत न्या. "मुलीची जात" या शब्दांमागे जी भीती आहे ती खरी आहे, तिला हसून किंवा रागावून काढता येत नाही. वसतिगृहाची खोली, मेसचे ताट आणि रेक्टरबाईंचा चेहरा पाहिला की ती बऱ्याच अंशी कमी होते.

पुणे की अमरावती, यावर माझे मत विचाराल तर मी अमरावती विद्यापीठातील जुन्या, शाखा स्थिरावलेल्या कॉलेजांना वर ठेवीन. शेगावचे संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे आणि तेही यादीत असावे. परंतु पुण्यात तिला हवी ती शाखा चांगल्या कॉलेजात मिळत असेल, तर केवळ अंतरासाठी नाकारू नका. फरक पडेल तो राहण्याखाण्याच्या खर्चाचा, कारण शुल्कसवलतीत वसतिगृह आणि मेस येत नाही, डेव्हलपमेंट फीसुद्धा येत नाही. ज्या ओबीसी मुलामुलींना शासकीय वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. निवड मर्यादित असते, तरी अर्ज करावाच. शैक्षणिक कर्ज लागलेच तर साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी योजनेमुळे तारणाची अट नसते, तेव्हा सातबाऱ्यावर बोजा चढवण्यास तयार होऊ नका. बँकेने आग्रह धरला तर तसे लेखी मागा.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट राहिली. नोंदणीत मोबाइल क्रमांक तुमचा असेल तर ओटीपी तुमच्याच फोनवर येईल, आणि डवरणीच्या दिवसांत तुम्ही वावरात, तिथे रेंज नाही, असे होऊन शेवटच्या दिवशी फॉर्म कन्फर्म व्हायचा राहतो. क्रमांक मुलीच्या हाती असलेल्या फोनचा द्यावा. फॉर्म कन्फर्म झाल्यावर त्याची छापील प्रत काढून घरात ठेवावी. सीट मिळाल्यावर ती स्वीकारण्याचे शुल्क ऑनलाइनच भरायचे असते, २०२५-२६ मध्ये ते १,००० रुपये होते; तेवढे पैसे मुलीच्या खात्यात आधीपासून असू द्या, कारण मुदत दोन-तीन दिवसांचीच असते.

सोमवारी समितीच्या कार्यालयात जाऊन आलात की त्रुटी काय निघाली ते मला कळवा. पसंतीक्रमाची कच्ची यादीही पाठवा, मी पाहून देईन. फक्त ती यादी मुलीच्या अक्षरात असावी.

तुमची,
ताई