डब्यातल्या गेंडा भुंग्याला काय काय खायला घालून पाहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पावसाच्या सुरुवातीला अंगणातल्या दिव्याखाली काळा, शिंगवाला भुंगा सापडला आणि मुलाने तो डब्यात ठेवला. काकडी, कलिंगड, कोबी सगळं घालून झालं. भुंगा फारसं खात नाही, डब्याला मात्र आंबूस वास सुटलाय. आता आणखी काय द्यावं, आणि त्याला नक्की काय आवडतं हे कसं ओळखावं?

आधी तो भुंगा कोणता ते बघा. शिंग आहे म्हणजे फळ खाईलच असं नाही. शेणकिड्यांच्या काही जातींत नरालाही शिंग असतं. तो वाटोळा, पाठीवर घुमटासारखा फुगीर आणि डोकं पुढे खोऱ्यासारखं चपटं. त्याला केळं घालून काही होणार नाही, ताजं शेणच लागतं. गेंडा भुंगा लांबट, साडेतीन ते पाच सेंटिमीटरचा. उलटा केला की पोटाकडून तांबूस लव दिसते. शिंग लांब असेल तर नर. मादीचं शिंग आखूड आणि पोटाच्या टोकाला केसांचा झुपका. वळवानंतर दिव्यावर येणारे बिनशिंगाचे तपकिरी भुंगेरे बहुधा हुमणीचे, त्यांना कडुनिंबाचा किंवा बाभळीचा पाला हवा. पोरं काडेपेटीत ठेवतात ते सोनपाखरूही बाभळीच्या पाल्यावरचंच.

तुमचा गेंडा भुंगा आहे असं धरून पुढचं लिहितो. हा माडाच्या शेंड्यात भोक पाडून शिरतो, कोवळा गाभा चावतो, रस गिळतो आणि चोथा भोकाबाहेर ढकलतो. उलगडलेली झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते ती याच्यामुळे. म्हणजे त्याला हवा गोड रस, आणि तोही चावून काढायचा. कोबीत तो गोडवा नाही. काकडीत सुमारे 95 टक्के आणि कलिंगडात 90 टक्क्यांहून जास्त पाणी. पोटात गेलं तरी बरंचसं पाणी तसंच बाहेर येतं, खालचा थर चिखल होतो आणि वास येतो तो त्याचा. त्या ओलीवर मग बुरशी, चिलटं आणि टाचणीच्या टोकाएवढे फिकट कोळी (जाळं विणणारे नव्हेत, माइट) येतात. हे कोळी भुंग्याच्या सांध्यांत बसले की मऊ ब्रशने झाडून काढावे लागतात.

पहिली निवड केळं. सालीवर काळे ठिपके आलेलं, सालीसकट एक सेंटिमीटर जाडीची चकती. साल धुऊन घ्या आणि चकती बाटलीच्या झाकणात ठेवा, म्हणजे माती चिकटत नाही. भुंगा रात्रीचा प्राणी. सात-आठला ठेवायची, सकाळी काढायची. दुसरी निवड ऊस, आणि या भुंग्यासाठी मला तो केळ्याइतकाच चांगला वाटतो. पाच-सहा सेंटिमीटरचं कांडं सोलून उभं चिरा आणि वरवंट्याने हलकं ठेचा. न ठेचलेल्या गुळगुळीत कांड्यावर त्याला पकड मिळत नाही, तो नुसता घसरत राहतो. सकाळी कांड्यावर कुरतडलेले पांढरे तंतू दिसले की समजा, जेवण झालं. ऊस दोन रात्री चालतो, मग आंबतो. आंबा, चिकू, सफरचंदही चालतात. लिंबू-मोसंबीसारखी आंबट फळं नकोत. मधाने तोंडाजवळचे केस चिकटतात, तो टाळा.

माडाचा कोवळा देठ देण्याचा मोह होईल. झाड कोणाचं ते माहीत असेल तरच द्या. याच भुंग्याला अडवायला बागायतदार झावळ्यांच्या बेचक्यांत वाळूबरोबर डांबराच्या गोळ्या किंवा कीटकनाशक घालतात, आणि तसला देठ डब्यातल्या भुंग्याला पुरेसा घातक आहे. फवारलेल्या बागेतल्या फळांचंही तेच.

रोज फळ चिरायचा कंटाळा असेल तर जेली करा. जपानमध्ये पाळीव भुंग्यांसाठी 16-17 ग्रॅमचे जेलीचे कप विकत मिळतात. आपल्याकडे वाण्याच्या दुकानातला चायना ग्रास पुरतो. 200 मिलिलिटर पाण्यात 2 ग्रॅम चायना ग्रास अर्धा तास भिजवून, पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. 30 ग्रॅम गूळ घाला, गाळा, कोमट झाल्यावर अर्धं केळं कुस्करून मिसळा आणि बाटल्यांच्या झाकणांत ओता. फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस टिकते. फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठून वितळली की पाणी सोडते आणि पुन्हा तोच चिखल. जिलेटिन वापरणार असाल तर कच्चा अननस किंवा पपई घालू नका, जेली धरणारच नाही. चायना ग्रासला ती अडचण नाही.

आता आवड कशी तपासायची. सहसा चूक इथे होते: चार फळं एकदम टाकायची आणि सकाळी जे सुकलेलं दिसेल ते ‘खाल्लं’ म्हणायचं. खरं तर रात्रभरात फळ आपोआपही वाळतं. म्हणून एका रात्री दोनच पदार्थ, प्रत्येकी 10 ग्रॅम, दोन सारख्या झाकणांत, डब्याच्या दोन टोकांना. शेजारी तसाच, तेवढ्याच मातीचा रिकामा डबा ठेवून त्यातही तेच दोन तुकडे ठेवायचे. सकाळी चारही तुकडे 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. समजा भुंग्याच्या डब्यातलं केळं 8.1 ग्रॅम राहिलं आणि रिकाम्या डब्यातलं 8.9, तर पोटात गेलं 0.8 ग्रॅम, उरलेली घट हवेत गेली. दुसऱ्या रात्री झाकणांच्या जागा बदला, कारण भुंगा भिंतीच्या कडेने चालत जातो आणि आधी लागेल त्यावर बसतो. एका जोडीला चार रात्री द्या. मुलाला वहीत तक्ता आखू दे.

एखाद्या रात्री काहीच खाल्लं नाही तर घाबरू नका. कोषातून नुकताच निघालेला भुंगा काही दिवस खातच नाही, आणि 20 अंशांखाली गारठा असला की भूक मंदावते. मात्र उलटा पडून पाय हलवत राहिलेला भुंगा उपाशी नसतो, तो अडकलेला असतो. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याला पालथं होता येत नाही आणि रात्रभर धडपडून तो दमून मरतो. खाली आठ-दहा सेंटिमीटर ओलसर कोकोपीट आणि वर सालीचे दोन-तीन तुकडे हवेतच. ओल किती, तर मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण थेंब गळू नये. एका डब्यात एकच नर.

मादी असेल तर दर पंधरा दिवसांनी कोकोपीट चाळून बघा. तीन-चार मिलिमीटरची पांढरी अंडी मिळाली आणि अळ्या वाढवायच्या असतील, तर त्यांचं खाणं वेगळं: दोन भाग कुजलेल्या लाकडाचा भुसा, एक भाग जुनं, थंड झालेलं शेणखत, फळ अजिबात नाही. ताजं शेण तापतं आणि त्यात अळ्या मरतात. वाढवायच्या नसतील तर ते कोकोपीट परसातल्या खड्ड्यात ओतू नका, उकळतं पाणी घालून मगच टाका. शेणखताचा खड्डा हीच या किड्याची पैदाशीची जागा, आणि नुकसान शेजाऱ्याच्या माडांचंही होतं. 1909 मध्ये श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर हा सामोआत पोचला आणि तिथून पुढे पॅसिफिकमधल्या बेटाबेटांवरच्या माडांच्या मुळावर उठला.