खोललेली एमजीबी घ्यावी का?

प्रश्न : वय ४१, नोकरी पक्की. १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघडी, दोन दारांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, विकायला आहे. पूर्ण खोललेली, भाग खोक्यांत. किंमत माझ्या तीन पगारांएवढी. दुरुस्तीला आणखी पाच पगार लागतील असं वाटतं. तयार गाड्या अकरा पगारांना जाताना पाहिल्यात, म्हणजे तीन पगार सुटतील. आपत्कालीन निधीत सहा पगार आहेत, त्यातले चार काढायचे आणि चारांचं वैयक्तिक कर्ज घ्यायचं असा बेत आहे. दरमहा पाव पगार शिल्लक राहतो. ऑइल आणि ब्रेक पॅड बदलण्यापलीकडे हाताला सवय नाही. चालू स्थितीतली, रबर बंपरची एमजीबी पाच पगारांना मिळते, पण मन या खोक्यांतल्या गाडीसारख्या क्रोम बंपरवर आहे. पत्नी म्हणते, आधी कुणाला तरी विचार.

उत्तर : पत्नीचं ऐकलंत ते बरं झालं. खोक्यांतली गाडी घेऊ नका. एमजीबी मात्र जरूर घ्या, कारण नवशिक्याला याहून सोयीची जुनी गाडी क्वचितच मिळेल. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक बनल्या. १७९८ सीसीचं इंजिन साधं आहे आणि भाग आजही नवे मिळतात. मूळ साच्यांवर अख्खी बॉडी पुन्हा बनवणंसुद्धा १९८८ मध्ये सुरू झालं. तेव्हा निवड चुकलेली नाही. चुकतोय तो पाच पगारांचा अंदाज.

तो तुम्ही भागांच्या किमतींवरून काढला असणार. सगळे तसाच काढतात. पण जुन्या गाडीत पैसा जातो तो पत्र्यात आणि रंगात, आणि तिथे वस्तूपेक्षा मजुरीचे तास जास्त. एमजीबीला वेगळी चेसी नाही, बॉडीच सगळा भार घेते. रोडस्टरला छतही नाही, त्यामुळे दाराखालची सिल, म्हणजे तिथली पत्र्याची लांब पोकळ पेटी, हाच गाडीचा कणा. ती आतून, अनेक थरांत सडते. बाहेरून नवा पत्रा मारून रंग दिला की दोन वर्षं काही दिसत नाही. नीट करायची तर पुढची विंग (चाकावरचा पत्रा) उतरवावी लागते, दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करून मगच सिल कापावी लागते. आधार न देता कापली तर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा बसत नाहीत. हे काम तुम्ही पहिल्या वर्षी करणार नाही, करूही नये. म्हणजे कारागीर आला. आणि गंज किती आहे हे कापल्याशिवाय त्यालाही सांगता येत नाही, म्हणून तो ठोक भावात काम घेत नाही, तासांवर घेतो.

इंजिनची मला फारशी काळजी नाही. त्याचा खर्च आधी मोजता येतो. क्रोमचा मात्र धरा. बंपर नव्याने मुलामा द्यायचा म्हणजे जुना थर काढणं, घासणं, मग तांबं, निकेल, क्रोम. बरेचदा नवा बंपर स्वस्त पडतो. आणि खोक्यांत काय नाही हे जोडणी सुरू झाल्यावरच कळतं. विकणारा खोटं बोलतोय असं नाही, त्यालाही आठवत नसतं.

पहिल्याच गाडीला मी अंदाजाच्या दीडपट ते दुप्पट धरतो. पाचाचे साडेसात ते दहा. त्यात गाडीचे तीन मिळवा : साडेदहा ते तेरा. कर्जाचा दर १२ टक्के आणि मुदत तीन वर्षं धरली, तर व्याज मुद्दलाच्या साधारण २० टक्के, म्हणजे जवळपास आणखी एक पगार. जॅक, स्टँड, कॉम्प्रेसर, जागा यांचं मी अजून नावही घेतलेलं नाही. आणि हे सगळं करून हातात येणार ती अकरा पगारांची गाडी, तीही काम उत्तम झालं तर. तुम्ही पाहिलेल्या त्या अकरा पगारांच्या गाड्यांवर आधीच्या मालकाने किती घातले, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

पण तोटा ही माझी मुख्य हरकत नाही. छंदाला पैसे लागतात. लोक प्रवासावर घालवतात, तुम्ही गाडीवर घालवा. हरकत पैशाच्या वेळापत्रकाला आहे. चार पगारांच्या कर्जाचा हप्ता दरमहा सुमारे १३ टक्के पगार खाईल. म्हणजे शिलकीतला अर्ध्याहून अधिक भाग गेला, हाती उरले बारा टक्के. वरचा अडीच ते पाच पगारांचा वाढीव खर्च त्यातून भागवायला पावणेदोन ते सव्वातीन वर्षं लागतील. तेवढा काळ आपत्कालीन निधीत दोनच पगार. मधे नोकरी गेली किंवा घरात कुणी आजारी पडलं, तर काम पहिलं थांबेल. आणि अर्धवट गाडीला भाव सगळ्यात कमी. तीन पगारांना घेतलेली, वर चार घातलेली गाडी तेव्हा पुन्हा तीनालाच मागतील. तुम्हाला आज ती स्वस्त मिळतेय ती बहुधा अशाच कुणाच्या तरी थांबलेल्या कामामुळे.

आता रबर बंपरची. १९७४ च्या अखेरीस रबर बंपर आले, गाडी थोडी उंच झाली, म्हणून शौकीन नाकं मुरडतात आणि भाव कमी राहतो. तुमचा फायदा तिथेच आहे. पाव पगार दरमहा बाजूला टाकलात तर २० महिन्यांत पाच पगार जमतील. निधीला हात नाही, कर्ज नाही. मधल्या काळात वेल्डिंगचा वर्ग करा. हाताला आवडतं की नाही, तेही तिथेच कळेल. गाडी आली की आधी ब्रेक, मग स्टीअरिंग आणि टायर, मग वायरिंग. एका वेळी एकच काम काढायचं, त्याचे पैसे हातात असतील तेव्हाच, आणि ते संपून गाडी फिरल्याशिवाय पुढचं नाही. रंग सगळ्यात शेवटी.

बघायला जाताना लोहचुंबक न्या, पत्र्यावर ओरखडा नको म्हणून फडक्यात गुंडाळून. सिलवर आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. चिकटत नसेल तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग मालकाला विचारून गाडी एका बाजूने जॅकवर घ्या आणि त्या बाजूचं दार उघडून बंद करा. अडकलं, फट बदलली, तर सिल गेलेली आहे, गाडी सोडा. चेसी नंबर कागदांशी स्वतः ताडून पाहा. विमा कंपनीशी आधीच ठरवलेल्या किमतीचा घ्या. नेहमीच्या विम्यात घसारा कापतात, आणि पन्नास वर्षांच्या गाडीला त्या हिशेबाने जवळपास काहीच उरत नाही.

आणि खोक्यांतली गाडी इतकंही करून मनातून जात नसेल, तर विकणाऱ्याला सांगा : आधी एका पत्राकामवाल्याला नुसती बॉडी दाखवू द्या, त्याचे पैसे मी देतो. विकणारा नाही म्हणाला, तर उत्तर मिळालं. हो म्हणाला, तर पत्राकामवाल्याचा आकडा लेखी घ्या, दुप्पट करा आणि पत्नीसमोर ठेवा.