टँजेन्शियल म्हणजे ओझरतं, असंबद्ध नव्हे

‘टँजेन्शियल’ म्हणजे नेमकं काय आणि ते ‘असंबद्ध’ या अर्थाने वापरलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते अजिबात चालणार नाही.

दहावीच्या भूमितीतली स्पर्शिका आठवते? वर्तुळाला एकाच बिंदूत शिवून पुढे जाणारी रेषा. इंग्रजीत ती टँजंट, आणि हे विशेषण तिच्यावरूनच आलं. मूळ लॅटिन ‘टांगेरे’, म्हणजे स्पर्श करणे. डॅनिश गणिती थॉमस फिंके यांनी १५८३ सालच्या ग्रंथात टँजंट ही संज्ञा वापरली. हाताला लागतं ते टँजिबल, कुणी हात न लावलेलं ते इन्टॅक्ट. हे शब्दही त्याच घरातले.

सुरीला धार लावणाऱ्याच्या चाकाकडे बघा. पातं टेकतं तिथून ठिणगी सुटते आणि स्पर्शिकेच्या दिशेने निघून जाते. बोलण्याचंही तसंच होतं. सोसायटीच्या बैठकीत पाणीकपातीवर चर्चा चालू आहे. गच्चीवरची टाकी गळते, हे बोलणं मुद्द्यातलंच. त्यावरून कुणी आपल्या गावच्या धरणाची हकिगत सुरू केली, तर ती टँजेन्शियल. पार्किंगचं भांडण मात्र इर्रेलेव्हंट.

वापरताना पुढे ‘टु’ येतं: ‘टँजेन्शियल टु द मेन इश्यू’. संबंध दूरचा असेल तर ‘टँजेन्शियली रिलेटेड’. मानसोपचारातही ही संज्ञा आहे. रुग्ण उत्तर द्यायला लागतो, पण मूळ प्रश्नाकडे परत येतच नाही, ते बोलणं टँजेन्शियल. लांबलचक वळसे घेऊन शेवटी उत्तरापर्यंत पोहोचला, तर सर्कमस्टॅन्शियल.

मराठीत ‘अवांतर’ आणि ‘आनुषंगिक’ हे शब्द सुचवले जातात. ‘अवांतर’मध्ये स्पर्श असलाच पाहिजे असं नाही, आणि ‘आनुषंगिक’ मुख्य गोष्टीला फारच चिकटून येतं, जसा आनुषंगिक खर्च. मला ‘ओझरता’ सगळ्यात जवळचा वाटतो. ओझरता स्पर्श, ओझरता उल्लेख असं आपण म्हणतोच.

एका बैठकीच्या इंग्रजी इतिवृत्ताचं भाषांतर करताना मी एका बाईंच्या सूचनेला ‘असंबद्ध’ लिहून बसलो होतो. त्या दुखावल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. इंग्रजीत त्यांची सूचना विषयाला शिवून गेली होती. मराठीत मी तिला पार निरर्थक ठरवलं होतं. मग दुरुस्ती करून लिहिलं: ‘मूळ विषयाशी ओझरता संबंध असलेली सूचना’.