बोध मागून येऊ दे

प्रिय पोरी,

प्रभूच्या नावात सलाम.

तू पाठवलेले तिन्ही संदेश वाचले. तरुण संघाच्या सभेत दर आठवड्याला रोजच्या जगण्यातून आणि ताज्या घडामोडींतून विश्वासाचा एक बोध सांगायचा, ही जबाबदारी पाळकसाहेबांनी तुझ्यावर टाकली ते बरंच झालं. तू लिहितेस, "बाई, बोध सुचत नाही, कुठून आणू?" मला मात्र उलटंच वाटलं. तुला बोध फार लवकर सुचतो. पहिल्या संदेशात मोबाइलचं चार्जिंग म्हणजे प्रार्थना, दुसऱ्यात कुकरची शिट्टी म्हणजे धीर, तिसऱ्यात गूगल मॅप म्हणजे पवित्र शास्त्र. पोरं हसली असतील, माना डोलावल्या असतील. पण चार्जरबद्दल तू जे बोललीस ते चार्जरकडे न बघताही बोलता आलं असतं. प्रार्थना करावी हे आधीच ठरलेलं होतं, ते टांगायला भिंतीवर एक खुंटी हवी होती एवढंच. असे संदेश घरी पोचेपर्यंत विसरले जातात आणि त्यात पोरांचा दोष नसतो.

आपल्या प्रभू येशूचे दाखले तसे नाहीत. मत्तय 13:33 मधलं खमीर घे. ती बाई तीन मापं पिठात खमीर मिसळते. तीन मापं म्हणजे घरच्या चार माणसांचं पीठ नव्हे, शंभरेक पानांच्या पंगतीचं. एवढं पीठ मळताना खांदे कसे भरून येतात ते लग्नघरात पहाटे परातीपाशी बसलेल्या बाईला विचार. कोणीतरी ते जवळून पाहिलं होतं म्हणून तो आकडा दाखल्यात आला. तीच गोष्ट हरवलेल्या नाण्याची. ती बाई दिवसाढवळ्याही दिवा लावून शोधत असेल, कारण तिथल्या गरिबाघरी उजेडापुरतीसुद्धा धड खिडकी नसायची. आधी पाहणं झालं, मग देवाच्या राज्याचं बोलणं आलं. क्रम तेवढा लक्षात ठेव.

तुझ्याच गावातलं एक ठिकाण सांगते. कॉलेजला जाताना तू रोज मजूर नाक्यावरून जातेस. एक दिवस सकाळी आठला तिथे थांब. टपरीवर चहा घे आणि बघ. गवंडी करणी, थापी, ओळंबा पिशवीत घालून आलेले असतात. बिगारी नुसतेच, फार तर घमेलं-फावडं घेऊन. मोटारसायकलवर एखादा मुकादम येतो आणि गाडी बंदही न करता बोटाने माणसं निवडतो. आधी दंडाने भरलेले तरुण जातात, मग ओळखीचे, मग जोडीने काम करणारे नवरा-बायको. दहा वाजता गर्दी निम्मी होते. अकरा-साडेअकराला जे उरतात त्यांच्याकडे नीट बघ. पांढऱ्या मिशांचा एखादा म्हातारा, कडेवर पोर घेतलेली बाई, दोन दिवसांपूर्वीच गावाकडून आलेला आणि अजून कुणाला माहीत नसलेला एखादा. काही जण घरी जात नाहीत. दुपारीही तिथेच असतात, कारण घरी जाऊन काय सांगायचं?

आता मत्तय 20 काढ. द्राक्षमळ्याचा धनी पहाटेच बाहेर पडतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी दिवस संपायला एक तास उरलेला असताना पाचला. तो त्यांना विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. हे वाक्य आपण उपासनेत किती वेळा ऐकलं आणि किती वेळा पुढे सरकलो! आपल्या मनात पाचचे मजूर म्हणजे उशिरा उठलेले आळशी लोक, आणि देव इतका कृपाळू की आळशालाही देतो. पण मजकुरात आळसाचा शब्दच नाही. मुकादमाने ज्यांच्याकडे बोट केलं नाही ते हे लोक आहेत. आणि मजुरी संध्याकाळीच का वाटली? नियमशास्त्रात तसंच आहे, अनुवाद नावाच्या पुस्तकात 24:15 बघ. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर टांगलेला असतो. ज्याला एक तासच काम मिळालं त्याच्या घरीही रात्री तेवढीच पोरं जेवायला असतात. तासाच्या हिशेबाने पैसे दिले तर एका भाकरीचं पीठ येईल. धन्याने पूर्ण रोज दिला तो त्या चुलीकडे बघून.

मग कुरकुर करणारे कोण? सकाळपासून राबलेले. त्यांची तक्रार कमी पैशांची नाही, ठरलेला रोज त्यांना मिळालाच होता. तक्रार ही की तुम्ही यांना आमच्या पंक्तीला बसवलंत. तीन-तीन पिढ्यांपासून बाकांवर बसणारे आपण लोक, आजोबांनी बांधलेल्या देवळात नव्याने आलेल्या कुटुंबाने पुढचा बाक धरला की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. तुझा संदेश इथे पोचला तर ऐकणाऱ्याला टोचेल. टोचू दे.

बातम्यांकडे वळते, कारण खरी गफलत तिथेच होते.

प्रभूने स्वतः ताज्या बातमीवर भाष्य केल्याचा एक प्रसंग लूक 13 च्या सुरुवातीला आहे. लोक येऊन सांगतात, पिलाताने काही गालीली माणसांना यज्ञ करतानाच मारलं. प्रभू आणखी एक बातमी त्यात घालतो, शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली ती. आणि विचारतो, ती माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? उत्तरही तोच देतो: नाही. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाकडे बघून शिष्य पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं, असं विचारतात, तिथेही प्रभू तो हिशेब मोडीत काढतो.

हे दोन उतारे घरोघरी वाचले जात असूनही आपल्यात काय चालतं ते सांगते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, माणसं उशिरा घरी येऊन गाढ झोपली होती. दगड आणि मातीच्या जाडजूड भिंती अंगावर कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर काही आठवड्यांत मी एका सभेत ऐकलं, हा मूर्तिपूजेवरचा देवाचा कोप. वक्त्याचं नाव घेत नाही, ते आता प्रभूकडे आहेत. पण तेव्हाही मला वाटलं होतं आणि आजही वाटतं की त्या वाक्यात लूक 13 मधलं एकच अक्षर खोडलेलं नव्हतं, अख्खा अध्याय खोडलेला होता. भिंती पडल्या कारण त्या तशा बांधल्या होत्या. पाळण्यातल्या पोराने कोणती मूर्ती पुजली होती? मदतीला धावलेल्यांनी ढिगारे उपसले, आणि आपल्यातले काही जण मात्र कोप मोजत बसले. कोणत्याही आपत्तीवर बोलताना तुझ्या तोंडून "देवाने त्यांना शिक्षा केली" हे येणार असेल तर सभा रद्द कर. एक आठवडा संदेश नाही झाला तर मंडळी बुडत नाही.

पण प्रभू "नाही" म्हणून थांबत नाही. पुढे म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. लोक याला धमकी समजतात. मला वाटतं, मेलेल्यांकडे वळलेलं बोट तो जिवंतांकडे वळवतो. बातमी आणणाऱ्यांना दुसऱ्यांच्या पापाची चर्चा हवी होती, त्यांच्या पदरात पडला स्वतःचा हिशेब. आणि लगेच अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. तीन वर्षं फळ नाही, धनी म्हणतो तोडून टाक, माळी म्हणतो आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. अपघाताच्या बातमीनंतर प्रभू ऐकणाऱ्यांना थेट शेणखताच्या पाटीपर्यंत आणतो! बातमीवरचं बोलणं असं कामाला लावणारं हवं.

करमाडचं बघ. लॉकडाऊनमधली, 8 मे 2020 ची पहाट. जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळला गाडी मिळेल म्हणून रेल्वेमार्गाने चालत होते. गाड्या बंद आहेत असं समजून रुळावरच झोपले आणि मालगाडीखाली 16 जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो तूही पाहिला असशील, शाळेत होतीस तेव्हा. त्या फोटोवर मी पुढे किती संदेश ऐकले! जीवन क्षणभंगुर आहे, उद्याचा भरवसा नाही, आजच तारणाचा दिवस आहे. यात खोटं काहीच नाही. पण त्या 16 जणांशी त्याचा संबंध काय? क्षणभंगुर जीवन सगळ्यांचंच असतं, रुळावर झोपायची वेळ सगळ्यांवर येत नाही.

लूक 13 मांडीवर ठेवून हीच बातमी वाचली तर प्रश्न आपल्याकडे वळतो. त्या दिवसांत आपली देवळं बंद होती, आपण घरात बसून फोनवर उपासना करत होतो, ईस्टरही तसाच झाला. ते योग्यच होतं. पण आपल्या मंडळीतल्या किती घरांनी धुणंभांड्याच्या बाईला, माळ्याला, रिक्षावाल्या काकांना त्या बंद महिन्यांचा पगार दिला? ज्यांनी दिला त्यांनी मत्तय 20 मधल्या धन्याचंच केलं, न झालेल्या कामाचे पूर्ण पैसे दिले. ज्यांनी "काम नाही तर पैसे कशाचे" म्हटलं त्यांचा हिशेब व्यवहाराने चोख होता, कुरकुऱ्यांचाही चोखच होता. हा संदेश तू दिलास तर सभेनंतर चहाला कोणी बोलणार नाही कदाचित. हरकत नाही.

बातमी वाचून काय करावं याचं आपल्याच मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळी भटकंतीत त्यांचे आईवडील आणि पुढे बहीण उपासमारीने गेली. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या पुण्यात विधवांसाठी शारदा सदन चालवत होत्या. दुष्काळावर प्रवचन देण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता? त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. केडगाव दौंडच्या अलीकडेच आहे, गाडी थांबते. तरुण संघाची सहल लोणावळ्याला नेण्यापेक्षा एकदा तिकडे ने.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या शेवटच्या काळाच्या चिन्हांबद्दलही तू विचारलंयस. लस म्हणजे श्वापदाचा आकडा 666, अमुक लढाई म्हणजे शेवटचं युद्ध हर्मगिदोन, तमुक ग्रहण म्हणजे प्रकटीकरणातला शिक्का फुटला. मत्तय 24:36 वाच. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, तर फॉरवर्ड करणाऱ्या काकांना कुठून ठाऊक असणार? यावर याहून जास्त वेळ घालवू नकोस.

त्याऐवजी पेपरची आतली पानं वाच. 1842 साली नगरला ज्ञानोदय हे आपलं ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं तेव्हापासून आपल्या लोकांना धर्माबरोबर जगाच्या बातम्या वाचायची सवय आहे, ती मोडायचं कारण नाही. कांद्याचे भाव, टँकरच्या फेऱ्या, उसाच्या वजनातल्या काटामारीच्या तक्रारी. आमोस 8:5 मध्ये व्यापारी एफा म्हणजे धान्याचं माप लहान आणि शेकेल म्हणजे वजन मोठं करतात, तराजूत फसवतात, विसाव्याचा शब्बाथ कधी सरतो याची वाट बघत. मापात पाप हे आपल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही, पण ते शास्त्रात आहे हे त्याला बहुधा कोणी सांगितलेलं नसतं. तेवढं सांगितलंस तरी शेवटच्या बाकावरचा माणूस मान वर करेल.

एक सक्त ताकीद. मंडळीतल्या कोणाचं आजारपण, कोणाचा मोडलेला संसार, कोणाच्या पोराची दारू, नाव न घेताही संदेशात आणायची नाही. आपल्या गावात नाव न घेतल्याने काही लपत नाही. विचारून, त्यांनी होकार दिला तरच. आणि नाक्यावरच्या माणसांचे फोटो काढायचे नाहीत.

पुढच्या महिन्यासाठी मत्तय 20 च घे. पण संदेश आत्ता लिहू नकोस. एक वही कर आणि पंधरा दिवस तिच्यात फक्त पाहिलेलं लिही: कोण, कुठे, किती वाजता, हातात काय होतं, काय बोलला. "यावरून आपण शिकतो की" हे शब्द वहीत दिसले तर मी लाल पेनाने खोडीन, शाळेतली सवय अजून गेलेली नाही. शनिवारी संध्याकाळी ये. आईला सांग, जेवायला थांबशील. वहीच आण, संदेशाचा कागद नको.

तुझ्या बाई