टॅनिंग बेड आणि मुलीचा हट्ट

प्रश्न : माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे. समुद्रावर सहलीला जायचंय म्हणून ती टॅनिंग बेडवर, म्हणजे अतिनील किरणांनी त्वचा रापवणाऱ्या यंत्रात, झोपायला जाते. ‘आधी रापून घेतलं की उन्हात त्वचा भाजत नाही,’ असं म्हणते. खरं आहे का?

उत्तर : नाही, ताई. तिला आजच थांबवा. रापणं हीच मुळी इजेची खूण. अतिनील किरणांनी पेशींतल्या डीएनएला धक्का बसतो, म्हणून त्वचा जादा मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) तयार करते. त्यातून मिळणारं संरक्षण जेमतेम एसपीएफ (सनस्क्रीनवर असतो तो संरक्षणाचा आकडा) ३-४ इतकं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये ही यंत्रं तंबाखूच्याच गटात टाकली, म्हणजे माणसाला कर्करोग करणारी हे नक्की. पस्तिशीच्या आत सुरुवात केली तर मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या घातक कर्करोगाचा, धोका आणखी वाढतो.

माझ्याकडे अशीच एक तरुणी आली होती, पुरळ दाखवायला. मोजा खाली सरकला तेव्हा पोटरीवरचा तीळ दिसला. एक कड कागदावर शाई फुटावी तशी पसरलेली. मेलॅनोमाच निघाला. वेळेत काढता आला, पण मी तो मोजा विसरलेलो नाही.

लेकीची पाठ, पोटऱ्या, तळवे तुम्ही स्वतः बघा. तीळ वेडावाकडा, दुरंगी, ६ मिलिमीटरहून मोठा किंवा बदलत असेल तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. किनाऱ्यावर पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन.